बाससाठी बेटकास्टिंग: आधी गळ बघा, मग रॉड

डॅलसच्या आसपासच्या कुठल्याही मोठ्या फिशिंगच्या दुकानात शिरा, भिंतीला लागून शंभरेक रॉड उभे असतात. बहुतेक काळे, बहुतेक सात फुटांच्या आसपास, आणि किमती मात्र चाळीस डॉलरपासून काही शेपर्यंत. नवा माणूस विचारतो, "यातला चांगला कुठला?" आणि उत्तर त्याच्या खिशाकडे बघून दिलं जातं. खरं म्हणजे बास या गोड्या पाण्यातल्या शिकारी माशासाठी सरसकट चांगला रॉड अशी वस्तूच नसते. रबरी बेडूक गवतावरून ओढायला जो रॉड उत्तम, तोच क्रँकबेटला, म्हणजे ओढताना बुडी मारणाऱ्या माशाच्या आकाराच्या टणक आमिषाला, लावलात तर गळाला लागलेले मासे होडीपाशी येऊन सुटतील.

म्हणून इथे क्रम उलटा धरला आहे. आधी ल्यूर (नकली आमिष), मग त्याला असलेला गळ, मग लाइन, मग रॉड, आणि रील सगळ्यात शेवटी. उदाहरणं पूर्व टेक्सासमधली आहेत, कारण या भागातल्या मराठी मंडळींना सगळ्यात जवळचं नावाजलेलं बासचं पाणी म्हणजे लेक फोर्क. सुमारे २७,००० एकरांचा हा जलाशय १९८० मध्ये अडवला गेला आणि पाणी भरताना बरीच झाडं तशीच उभी सोडली. त्या बुडीत खोडांच्या आडोशाने बास मोठे झाले. टेक्सासचा लार्जमाउथ बासचा विक्रम, १८.१८ पौंड म्हणजे सव्वाआठ किलो, १९९२ मध्ये इथलाच. तो धरणारा माणूस त्या दिवशी बासच्या मागे नव्हताच, जिवंत मिनो म्हणजे बारीक मासा लावून क्रॅपी हा दुसराच मासा धरत होता. असो.

## वजन: बेटकास्टर कधी नकोच

बेटकास्टिंग रीलमध्ये ल्यूर फेकताना स्पूल, म्हणजे लाइन गुंडाळलेलं रीळ, स्वतः फिरतो, आणि त्याला फिरवतं ते ल्यूरचं वजन. स्पिनिंग रीलचा स्पूल जागचा हलत नाही, लाइन नुसती त्यावरून सुटत जाते. हलकं ल्यूर बेटकास्टरला लावलं की ते स्पूलला ओढू शकत नाही, म्हणून आपण हात जोरात मारतो, स्पूल एकदम उसळतो, ल्यूर मात्र मागे रेंगाळतं, आणि सुटलेली लाइन स्पूलवरच गुंतते.

पाव औंस, म्हणजे सात ग्रॅम, ही सीमा धरा. नेड रिग आणि ड्रॉप शॉट या हलक्या रबरी आमिषांच्या मांडण्या, वजनाशिवायचा बारीक रबरी किडा या गोष्टी स्पिनिंगवरच सोप्या जातात. हलक्या वजनासाठी उथळ स्पूलची खास बेटकास्टिंग रीलं मिळतात आणि जपानी मंडळी ती कौतुकाने वापरतात, पण पहिली खरेदी म्हणून ती नकोत.

अमेरिकेत सगळं औंसात चालतं, तेव्हा एवढं पाठ असू द्या: ३/८ औंस म्हणजे साधारण साडेदहा ग्रॅम, अर्धा औंस १४, पाऊण औंस २१ आणि एक औंस २८. पाकिटावर ३/८ औंस लिहिलेल्या जिगला, म्हणजे वजनदार डोक्याच्या गळाला, मागे रबरी खेकडा अडकवला की तो अर्ध्या औंसाच्याही पुढे जातो. रॉड निवडताना हे एकूण वजन मोजायचं, पाकिटावरचं नाही.

## गळ: सगळा निकाल इथे लागतो

ल्यूर हातात घेऊन त्याचा रंग बघण्याआधी उलटं करा आणि गळ बघा.

पोटाखाली बारीक तारेचे तीन काट्यांचे गळ लोंबत असतील, म्हणजे ट्रेबल असतील, तर रॉड वाकणारा हवा. हे काटे पातळ आणि धारदार असतात, हलक्या दाबानेही रुततात, पण उथळ रुततात. मासा पाण्याबाहेर उडी मारून डोकं झाडतो तेव्हा रॉड कडक असेल तर लाइनला क्षणभर ढील मिळते किंवा उलट एकदम ताण बसतो, आणि काटा जबड्याची कातडी फाडून बाहेर येतो. अर्ध्यापर्यंत वाकणारा रॉड हा हिसका पोटात घेतो. क्रँकबेट, हिसक्यांनी चालवायचं लांबट जर्कबेट आणि पाण्यावर चालणारी लाकडी-प्लास्टिकची ल्यूरं याच घरातली.

उलट, एकच जाड गळ असेल आणि त्याचं टोक रबरी किड्यात लपवलेलं असेल, तर कडक रॉड हवा. इथे टोकाला आधी रबर फोडायचंय, मग बासच्या तोंडातलं हाड गाठायचंय. शिवाय मासा बहुधा झाडाच्या फांदीत किंवा गवतात असतो. लागल्या लागल्या त्याला तिथून उपसलं नाही तर तो लाइन खोडाला गुंडाळतो आणि खेळ संपतो. टेक्सास रिग (पुढे वजन आणि गळ लपवलेला रबरी किडा), जिग आणि दोन काटे असले तरी रबरी बेडूकही या घरातले.

या दोघांच्या मधलं एक घर आहे: एकच गळ, पण उघडा, आणि ल्यूर सतत ओढत आणायचं. फिरणारं किंवा थरथरणारं पातं असलेली स्पिनरबेट, चॅटरबेट, बझबेट. यांना मधला रॉड चालतो.

एवढं कळलं की दुकानातले अर्धे रॉड मनातल्या मनात बाजूला होतात.

## रॉडवरची बारीक अक्षरं

मुठीच्या जरा वर दांडीवर लिहिलेलं असतं: ७ फूट, मीडियम हेवी, फास्ट, लाइन १२–२० पौंड, ल्यूर ३/८–१ औंस. लाइनचे पौंड म्हणजे ती किती भार पेलते ते. मीडियम हेवीला म्हणतात पॉवर, म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो ते. फास्ट ही ॲक्शन, म्हणजे तो कुठून वाकतो ते. फास्ट रॉडचा शेंड्याकडचा भागच वाकतो, मॉडरेट रॉड जवळजवळ मध्यापर्यंत कमान घेतो.

पॉवरच्या नावांना कसलंही प्रमाण नाही. एका कंपनीचा मीडियम हेवी दुसरीच्या हेवीइतका कडक निघतो. म्हणून नावापेक्षा ल्यूरच्या वजनाचा आकडा खरा माना, आणि त्या पट्ट्याच्या मधोमध राहा. ३/८–१ औंस लिहिलेल्या रॉडवर अर्धा ते पाऊण औंस सगळ्यात छान जातं. ३/८ जेमतेम, आणि पूर्ण एक औंस टाकताना मनगट जपून.

लांबीचं गणित सोपं आहे. लांब रॉड दूर फेकतो आणि एका झटक्यात जास्त लाइन गोळा करतो. आखूड रॉड अचूक पडतो आणि शेंडा खाली ठेवून हिसके द्यायला सोयीचा. होडी नसलेल्यांसाठी एक सांगतो: उपनगरातल्या तळ्यांच्या काठावर मागे झाडं आणि पुढे वेळू असतात, तिथे साडेसात फुटी रॉड मिरवता येतो, फेकता येत नाही. ६ फूट १० इंच ते ७ फूट पुरे.

## लाइन

तीनच प्रकार आणि तिघांचे स्वभाव वेगळे. साधा नायलॉनचा तंगूस ताणला जातो आणि पाण्यात फार हळू बुडतो. फ्लोरोकार्बन कमी ताणला जातो, बुडतो आणि पाण्यात कमी दिसतो. ब्रेडेड, म्हणजे विणलेली लाइन, जवळजवळ ताणलीच जात नाही, तरंगते, आणि तेवढ्याच जाडीत कितीतरी जास्त भार पेलते. गवताचे देठ तर ती कापत येते.

त्यावरून नियम आपोआप निघतात. पाण्यावर चालणाऱ्या ल्यूरला फ्लोरोकार्बन लावू नका, ती बुडताना ल्यूरचं नाक खाली ओढते. गवतात ब्रेडेड. दगड आणि खोडं असलेल्या पाण्यात फ्लोरोकार्बन, कारण ब्रेडेड लाइन दगडावर घासली की पटकन झिजते. ब्रेडेड थेट गुळगुळीत स्पूलवर गुंडाळली तर मोठ्या माशाच्या ताणाने ती सगळी एकत्र स्पूलवर घसरते. आधी तंगुसाचे काही वेढे द्या. आणि स्पूल काठोकाठ भरू नका, कडेपासून तीनेक मिलिमीटर जागा सोडा.

## रील: वेग कशासाठी

रीलवर ६.३:१, ७.१:१ असे आकडे असतात. हँडल एकदा फिरवलं की स्पूल तेवढ्या वेळा फिरतो. ६.३ चं रील एका फेऱ्यात साधारण २५–२७ इंच लाइन गोळा करतं, ८ च्या आसपासचं ३२–३४ इंच. स्पूलच्या व्यासाप्रमाणे हे बदलतं, म्हणून खोक्यावरचा इंचांचा आकडाच बघा.

विक्रेता सांगेल, वेगवान रील घ्या, हळू फिरवणं तर आपल्या हातात आहे. अर्धं खरं आहे. सायकलवर चढ लागला की आपण हलका गिअर टाकतो ना, तसंच खोल जाणारं क्रँकबेट ओढताना ५ च्या घरातलं रील लागतं. त्या ल्यूरची रुंद जीभ पाणी ढकलत खाली जाते, हाताला सतत भार येतो. वेगवान रीलवर दुपारपर्यंत मनगट बोलायला लागतं, आणि नकळत ल्यूर हवं त्यापेक्षा जोरात येतं.

जिग आणि टेक्सास रिगचं उलट. तिथे ल्यूर रॉडने हलवायचं असतं, रीलने फक्त सैल लाइन उचलायची. बास ते तोंडात घेऊन पुष्कळदा आपल्याच दिशेने पोहत येतो, लाइन सैल पडते, आणि झटका मारण्याआधी ती गोळा करायला ७ किंवा ८ चं रीलच पुरं पडतं.

रीलचा आकार, कंपनीच्या आकड्यात, १०० ते १५० चा बहुतेक कामांना पुरतो; जाड लाइन जास्त भरायची असेल तर २०० चा. हँडल उजवीकडे की डावीकडे हे नीट ठरवा. उजव्या हाताने फेकून डाव्याने गुंडाळायची सवय असेल तर हँडल डावीकडचं घ्या. ही यंत्रं केंटकीतल्या घड्याळजींनी १९ व्या शतकाच्या सुरुवातीला करायला घेतली, त्यात जॉर्ज स्नायडर याचं नाव पहिलं घेतलं जातं, आणि आतली कारागिरी अजून घड्याळासारखीच नाजूक आहे. वाळूत ठेवू नका.

## आता जोड्या लावू

खोल क्रँकबेट. रॉड साडेसात फुटांच्या आसपास, मीडियम हेवी पण मॉडरेट. काचतंतूचा किंवा मिश्र असेल तर उत्तम. रील ५ च्या घरातलं, फ्लोरोकार्बन १० ते १२ पौंडी. लाइन पातळ ठेवण्याचं कारण खोली: जाड लाइन पाण्यात अडते आणि १५ फूट जाणारं ल्यूर १२ वरच राहतं. लांब रॉडचंही तेच कारण. ल्यूरला तळ गाठायला अंतर लागतं, आणि जेवढं दूर फेकाल तेवढा वेळ ते कामाच्या खोलीवर राहील. मासा लागला की झटका मारू नका, नुसतं ओढत राहा आणि रॉड बाजूला झुकवा.

चौकोनी जिभेचं उथळ क्रँकबेट. हे मुद्दाम खोडांवर आपटायचं असतं. आपटून बाजूला उडालं की त्याच क्षणी बास झडप घालतो. ६ फूट १० इंच ते ७ फूट, मीडियम किंवा मीडियम हेवी, मॉडरेट; रील ६.३, लाइन मात्र जाड, १४ ते १७ पौंडी, कारण ती खोडाला घासणारच आहे.

जीभ नसलेलं क्रँकबेट, खडखड वाजणारं रॅट-एल-ट्रॅपसारखं. फेब्रुवारीत पूर्व टेक्सासच्या तलावांत पाण्याखालच्या गवतावर लाल रंगाचं हे ल्यूर ओढणं हा जवळजवळ रिवाजच आहे. ते गवतात अडकू द्यायचं आणि हिसका देऊन सोडवायचं. त्या हिसक्यालाच चावा येतो. इथे नियमाला मुरड पडते: गळ ट्रेबल आहेत म्हणून शेंडा मऊ हवा, पण गवतातून सोडवायचं म्हणून कण्यात जोर हवा. मीडियम हेवी, मॉडरेट-फास्ट, ७ फूट, ७ चं रील.

स्पिनरबेट आणि चॅटरबेट. ७ फूट, मीडियम हेवी, ६ ते ७ चं रील, १५ ते १७ पौंडी फ्लोरोकार्बन. चॅटरबेटला रॉड किंचित मऊ चालतो. बझबेटला हीच जोडी, फक्त फ्लोरोकार्बनऐवजी तंगूस आणि रील वेगवान, कारण पाण्यात पडताक्षणी ते वर आलं नाही तर त्याचा उपयोग नाही.

जर्कबेट आणि पाण्यावर चालणारी ल्यूरं. ६ फूट ८ इंच ते ७ फूट, मीडियम, मॉडरेट-फास्ट, ६.३ च्या आसपासचं रील. शेंडा पाण्याकडे ठेवून मनगटाने टिचक्या मारायच्या असतात, लांब रॉड पाण्यावर आपटत राहतो. जर्कबेटला १० ते १२ पौंडी फ्लोरोकार्बन. पाण्यावरच्याला १५ पौंडी तंगूस, किंवा ३० पौंडी ब्रेडेडला पुढे हातभर तंगुसाचा तुकडा. तो नसेल तर मऊ ब्रेडेड पुढच्या ट्रेबलमध्ये अडकत बसते.

टेक्सास रिग आणि जिग. ७ फूट ते ७ फूट ३ इंच, मीडियम हेवी ते हेवी, फास्ट. ७ किंवा ८ चं रील. १५ ते २० पौंडी फ्लोरोकार्बन. बाकी सगळं विसरलात तरी रॉडची संवेदना विसरू नका. बासने जिग तोंडात घेतल्यावर कधी टकटक जाणवते, कधी लाइन नुसती बाजूला सरकते, कधी वजनच गायब झाल्यासारखं वाटतं. चांगल्या ग्राफाइटच्या रॉडवर थोडे जास्त पैसे घालायचे असतील तर ते इथे घाला. क्रँकबेटचा रॉड स्वस्तातला चालतो.

रबरी बेडूक. दोन जाड काटे अंगाला चिकटून वर तोंड करून असतात, आणि अंग दाबलं गेल्याशिवाय ते उघडे पडत नाहीत. वर गवताची गादी. म्हणून ७ फूट ते ७ फूट ४ इंच, हेवी, फास्ट. ७ च्या वरचं रील. ५० ते ६५ पौंडी ब्रेडेड. ड्रॅग, म्हणजे मासा जोरात ओढू लागला की लाइन सुटू देणारी रीलमधली पकड, घट्ट आवळलेला. शेंड्याचे शेवटचे काही इंच तरी जरा नरम हवेत, नाहीतर बेडूक डावी-उजवीकडे चालवता येत नाही. पाणी फुटल्याचा आवाज आला की लगेच ओढू नका. बेडूक दिसेनासा झाला आणि लाइनला वजन आलं, की मग पूर्ण ताकदीने.

एक औंसाच्या वरच्या टंगस्टनच्या वजनाने गवताची गादी फोडणं आणि दोन-तीन औंसांचे मोठे, माशासारखे पोहणारे स्विमबेट यांना स्वतंत्र दणकट साधनं लागतात. पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नका.

## एक, दोन, की तीन

एकच संच घ्यायचा तर ७ फुटी, मीडियम हेवी, फास्ट, ७ च्या आसपासचं रील आणि १५ पौंडी फ्लोरोकार्बन. टेक्सास रिग, जिग, स्पिनरबेट उत्तम; उथळ क्रँकबेट निभावतं. दुसरा घेताना माझं मत स्पष्ट आहे: मॉडरेट रॉड घ्या, ६.३ च्या रीलसह, ट्रेबलवाल्या सगळ्यांसाठी. पुष्कळ जण पहिल्यासारखाच दुसरा, थोडा महाग रॉड घेतात आणि मग क्रँकबेटवर मासे टिकत नाहीत म्हणून गळ बदलत बसतात. तिसरा बेडकाचा.

## फेकण्याआधी रील लावून घ्या

१. ल्यूर बांधा, रॉड समोर धरा, अंगठ्याखालची पट्टी दाबा. हँडलच्या बाजूची छोटी घुंडी अशी फिरवा की ल्यूर सावकाश खाली जाईल आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबेल. ल्यूरचं वजन बदललं की हे पुन्हा.

२. दुसऱ्या बाजूचा ब्रेक, चुंबकाचा असो की आतल्या फिरत्या पिनांचा, सुरुवातीला पाऊण भाग लावा. हात बसत जाईल तसा कमी करा. वारा समोरून असेल तर पुन्हा वाढवा.

३. मोकळ्या मैदानात गळ नसलेलं अर्ध्या औंसाचं सरावाचं वजन बांधून फेका. अंगठा स्पूलवर हलका टेकलेला राहू द्या आणि वजन जमिनीला लागण्याच्या क्षणी दाबा. पुष्कळ गुंते शेवटच्या या क्षणी होतात.

४. गुंता झालाच तर लाइन उपसू नका. अंगठा स्पूलवर घट्ट दाबून हँडल दोन-तीन फेरे फिरवा, मग लाइन हलकेच ओढा. बहुतेक वेळा गाठ सैल होते.

५. ड्रॅग लाइनच्या ताकदीच्या पाव ते तृतीयांशावर. बेडकाचा अपवाद वर आलाच आहे.

## परवाना, आणि भारतात नेताना

टेक्सासमध्ये १७ वर्षांखालच्यांना परवाना लागत नाही. बाकीच्या बहुतेकांना लागतो, पण स्टेट पार्कच्या हद्दीत काठावरून धरत असाल तर नाही. लेक फोर्कवर १६ ते २४ इंचांमधला बास ठेवता येत नाही, आणि २४ इंच किंवा त्याहून मोठा दिवसाला एकच. मोजपट्टी रॉडइतकीच आवश्यक आहे.

सुट्टीत गावी जाताना काही जण यातलं एखादं साधन बरोबर नेतात, आणि नेण्यासारखं एकच आहे: बेडकाचं. महाराष्ट्रातल्या तळ्यांत शेवाळाखाली दबा धरून बसणारी मरळ बेडकावर बासइतक्याच त्वेषाने येते, आणि तिच्या दातांपुढे ५० पौंडी ब्रेडेड टिकते. एकसंध सात फुटी रॉड विमानात डोकेदुखी ठरतो, तीन-चार तुकड्यांचा हेवी ट्रॅव्हल रॉड सुटकेसमध्ये बसतो. धरणाच्या पाण्यात मासेमारीचा हक्क बहुधा तिथल्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, तेव्हा लाइन ओवण्याआधी संस्थेच्या माणसाला विचारून घ्या. कुठल्या कोपऱ्यात मरळ पिल्लं घेऊन फिरतेय हेही तोच सांगेल. तो कोपरा सोडून बाकी तलावात फेका.